रिकाम्या बाटल्यांची रांग

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरून मोडलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मोडलेलं पुन्हा जुळतं का ते बघायला भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मुलाकडच्यांच्या घरी गेले होते. बोलणं सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या पाठीत कळ आली, दरदरून घाम फुटला आणि खुर्चीतून उठता येईना. मुलाकडच्यांनी गाडी बोलावून त्यांना घरी पोचवलं. लग्नाचं राहिलं ते राहिलंच.

मी बघायला गेलो तर भावोजी उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "काय मेव्हणे, तुमच्या पोरीचं लग्न जुळवायला गेलो आणि माझंच मोडायची वेळ आली."

"जिभेला काही हाड?" ताई आतून ओरडली.

"हाड नाही, म्हणून तर चालते. कंबरेला हाड आहे, ती बघ कशी बसलीय."

भावोजी नळकाम करायचे. गावातल्या निम्म्या घरांतले पाइप त्यांनी टाकलेले. मी दवाखान्यात लागलो तेही त्यांच्यामुळे. दवाखान्याची टाकी गळत होती, ती दुरुस्त करायला ते गेले आणि काम झाल्यावर तिथल्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकून आले. मला लिहिता-वाचता येत नव्हतं. "हात चांगले आहेत त्याचे," एवढंच ते म्हणाले होते. त्या शब्दावर मी तोवर ऑपरेशन थिएटरात सतरा वर्षं काढली होती. तिथे मला सगळे मामा म्हणत. दवाखान्यात आमच्यासारख्या माणसांचं नाव कुणी विचारत नाही. बाप्या असला तर मामा, बाई असली तर मावशी.

मीच त्यांना दवाखान्यात नेलं. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. मग माझा हात धरून तिथे ठेवला. बेंबीच्या वर, आत काहीतरी उडत होतं. काळीज खाली उतरून आल्यासारखं.

"मुख्य रक्तवाहिनी फुगलीय," सर म्हणाले. "फुग्यासारखी. तेवढा भाग उघडून आत कापडी नळी शिवावी लागेल. नाही शिवली तर फुटेल. आज, उद्या, सहा महिन्यांनी, सांगता येत नाही. फुटली तर मग माझ्याकडे काही उपाय नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलबाई भावोजींना तपासायला वॉर्डात आल्या. भूल देणाऱ्या डॉक्टर त्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. नर्सपासून सरांपर्यंत सगळेच त्यांना पाठीमागे भूलबाई म्हणायचे आणि ते त्यांना माहीत होतं. स्टूल ओढून त्या कॉटजवळ बसल्या. छाती ऐकली, पावलं दाबून बघितली, आणि काय होणार ते सांगू लागल्या. फुग्याच्या वर चिमटा लावून रक्त थांबवायचं. तासभर. कंबरेखाली रक्त जाणार नाही. शिवून झालं की चिमटा सोडायचा.

भावोजी लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे बाई, मेन कॉक बंद करणार."

"तेच."

"तो बंद केला म्हणून काही होत नाही. सोडताना घोळ होतो. खालचे पाइप सगळे कोरडे. कॉक सोडला की सगळं पाणी खाली धावतं आणि वरच्या मजल्यावर नळाला थेंब येत नाही." त्यांनी बोट स्वतःच्या डोक्याला लावलं. "आणि माझा वरचा मजला हा."

बाई हसल्या. "उद्या माझ्या जागी तुम्हीच बसा. मी तुमचे नळ बघते."

"नको, गिऱ्हाईक जाईल."

"म्हणूनच सोडायच्या आधी टाकी भरून ठेवायची," बाई म्हणाल्या. "सलाईन द्यायचं, लागेल तसं रक्त द्यायचं. पण तुमचं हृदय थकलेलं आहे. जास्त भरलं तर त्याला झेपणार नाही, पाणी छातीत उतरेल. कमी भरलं तर सोडल्या सोडल्या दाब कोसळेल. मध्ये एक बारीक रेघ आहे, तिच्यावरून जायचं."

"ती रेघ तुम्हाला दिसते?"

"नाही दिसत. नाडी बघायची, रक्तदाबाचा पारा बघायचा, लघवी किती थेंब येते ते बघायचं. आणि मामांची रांग मोजायची."

ही रांग काय ते सांगायला हवं. त्या काळी सलाईन काचेच्या बाटल्यांत यायचं. एक बाटली संपली की मी ती काढून दुसरी लावायचो. बाईंचा एक हात रोग्याच्या नाडीवर, दुसरा श्वासाच्या पिशवीवर. लिहायला तिसरा हात नव्हता. त्या आल्या त्या वर्षी त्यांनी मला सांगितलं, "मामा, शिरेतून गेलेली प्रत्येक रिकामी बाटली खिडकीखाली भिंतीला लावून उभी करा. दुसरं काही तिथे ठेवू नका." मान वळवली की रांग दिसायची. त्यावरून किती पाणी आत गेलं ते कळायचं, आणि कागदावर त्या नंतर लिहायच्या. पोट धुवायला कोमट करून ओतायच्या बाटल्याही तशाच असत. त्या मात्र थिएटरातली मावशी हाताळायची आणि रिकाम्या झाल्या की मोरीजवळच्या खोक्यात टाकायची. मला अक्षर येत नव्हतं, पण रांग माझी होती. "मामांची रांग कधी चुकत नाही," असं बाई नव्या डॉक्टरांना सांगायच्या आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

त्या दिवशी सकाळी बाईंनी मला दारात थांबवलं. "मामा, आज तुम्ही आत नको. घरचं माणूस आहे."

"दुसऱ्या कुणाला रांग जमायची नाही, बाई."

"जमेल. न जमायला काय आहे त्यात?"

ते मला लागलं. शिवाय ताई बाहेर बाकावर बसली होती. ती म्हणाली होती, "तू आत असलास तर मी इथे बसेन. नाहीतर माझ्याने बसवणार नाही." मी बाईंना तसं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग बाजूला झाल्या.

आठ वाजता सुरू झालं. साडेनवाला सरांनी चिमटा लावला आणि मोठ्याने वेळ सांगितली. सिस्टरने, म्हणजे थिएटरच्या नर्सने, ती फळ्यावर लिहिली. मी टेबलाच्या पायथ्याकडे उभा होतो. चादरीखालून भावोजींची पावलं बाहेर आली होती. जन्मभर ओल्यात उभी राहिलेली, टाचांना भेगा पडलेली पावलं. ती हळूहळू पांढरी होऊ लागली. मग मेणासारखी झाली. मी अशी पावलं आधी पाहिली नव्हती असं नाही. पण ती परक्यांची होती.

"मामा, बाटली," बाई म्हणाल्या. मी बदलली, रिकामी रांगेत ठेवली. पाच झाल्या.

मग फुगा उघडला तेव्हा पाठीच्या बाजूने बारीक शिरा वाहू लागल्या. सर एकेक टाका घालून त्या बंद करत होते, पण रक्त भरत होतं. रक्ताच्या आणखी बाटल्या हव्या होत्या. सिस्टरने मावशीला रक्तपेढीकडे पिटाळलं. ती गेली आणि लगेच सर ओरडले, "कोमट पाणी! मामा, पाणी ओत इकडे!"

मी गरम पाण्यातून बाटल्या काढल्या, रबरी बूच उपटलं आणि सिस्टरच्या वाडग्यात ओतल्या. एक. पुन्हा मागितलं, दुसरी. पुन्हा, तिसरी. मध्येच बाईंची सहावी संपली, ती बदलली. या सगळ्या वेळात माझे डोळे त्या पावलांवर होते. इतक्या वर्षांची हाताला सवय. बाटली रिकामी झाली की हात तिला खिडकीखाली नेऊन ठेवायचा. त्या दिवशीही हाताने तेच केलं, मला न विचारता.

मावशी रक्त घेऊन आली. शिवण संपत आली. सर म्हणाले, "पाच मिनिटं. बाई, तयार राहा."

बाईंनी मान वळवली. "मामा, किती झाल्या?"

मी रांगेकडे बघितलं. "नऊ."

"नऊ?" त्यांनी लघवीच्या बाटलीकडे बघितलं. तळाला जरासं होतं. "नऊ गेल्या, तर लघवी का येत नाही?" त्या स्वतःशीच बोलल्या. मग भावोजींच्या मानेवरची शीर बघितली, छातीला नळी लावून ऐकलं. सलाईनच्या धारेचा चिमटा त्यांनी अर्धा आवळला. "आणखी दिलं तर छाती भरेल," असं म्हणाल्या. आणि पुन्हा मला विचारलं, "मामा, नक्की नऊ?"

तेव्हा मी वळून एकदा नीट बघायला हवं होतं. नुसतं बघायचं होतं, चार पावलंही चालायचं नव्हतं. पण 'न जमायला काय आहे त्यात' हे सकाळपासून माझ्या मनात सलत होतं. आणि आता त्या दोनदा विचारत होत्या, सगळ्यांसमोर.

"नक्की म्हणजे नक्की, बाई," मी म्हणालो. "माझी रांग आहे ती."

"भरलं?" सरांनी विचारलं. सोडायच्या आधी ते नेहमी विचारत.

"भरलं," बाई म्हणाल्या.

सरांनी चिमटा हळूहळू सैल केला. पावलं गुलाबी होऊ लागली, आधी डावं. मला बरं वाटलं. त्याच वेळी बाईंच्या हाताखालचा, पारा बघणारा डॉक्टर म्हणाला, "नव्वद." मग "सत्तर." मग "लागत नाही."

"दाबा, दाबा परत!" बाई ओरडल्या. सरांनी बोटांनी नळी दाबून धरली. बाईंनी धार पूर्ण सोडली आणि त्यांची नजर रांगेकडे गेली. माझीही गेली. सलाईन शिरेतून देताना बाटलीचं बूच काढत नाहीत, त्यातच सुई खुपसतात. रिकामी झाली तरी बूच तोंडाला असतं. रांगेत सहा बाटल्यांना बूच होतं. तिघींची तोंडं उघडी होती.

"सहाच, बाई," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नसेल. मग ओरडलो, "सहाच! तीन धुवायच्या!"

 बाईंना बोलायला वेळ नव्हता. त्यांनी भावोजींच्या दोन्ही हातांतून धारा लावल्या, रक्ताच्या बाटल्या दाबून दाबून आत घातल्या. मी बाटल्या देत होतो, पण प्रत्येकीचं बूच चाचपून बघत होतो. सिस्टरने माझ्या हातातून त्या घेतल्या आणि मला भिंतीशी उभं केलं. किती वेळ गेला ते फळ्यावर लिहिलं होतं, मला वाचता येत नव्हतं. नंतर सिस्टर म्हणाली, अकरा मिनिटं.

पारा परत चढला. सरांनी दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा त्यांना अर्धा तास लागला. हातमोजे काढताना सरांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"मोजण्यात चूक," बाई म्हणाल्या. "माझी."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी खिडकीखाली एक पाटी टांगली. बाटली लावताना पाटीवर आकडा आणि कशासाठी ते लिहायचं. "तुम्हीच लिहायचं, मामा," म्हणाल्या. आधी आकडे शिकवले, मग अक्षरं. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. वाचता येऊ लागल्यावर मी तो कागद शोधायला गेलो, पण जुन्या फायली तोवर रद्दीत गेल्या होत्या.

भावोजी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. पोट शिवलेलं चांगलं होतं, पावलं गरम होती. लघवी मात्र येत नव्हती. नळीला लावलेली बाटली सकाळी रिकामी, संध्याकाळी रिकामी. दाब पडला तेवढ्या वेळात मूत्रपिंडं मार खाऊन बसली होती. ती कधी कधी आठ-पंधरा दिवसांत उठतात, बाई म्हणाल्या, कधी उठत नाहीत. रक्त धुवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ज्या शहरात होतं तिथवर त्यांना हलवण्यासारखी हृदयाची अवस्था नव्हती.

आता सगळं उलटं झालं. जितकं बाहेर येईल तितकंच आत द्यायचं, वर घामापुरतं थोडं. दिवसाला औषधाच्या लहान मापाने बारा मापं पाणी. ते देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण सिस्टर देऊ लागली की भावोजी तिच्याशी गोड बोलून दोन मापं जास्त घ्यायचे.

"मेव्हणे, ओठ ओले करा."

"आत्ताच दिलं, भावोजी."

"ते दिलं? मला वाटलं तुम्ही दाखवून परत घेऊन गेलात." जीभ टाळूला चिकटायची, शब्द नीट सुटत नव्हते. "अख्ख्या गावाला पाणी दिलं मी. आणि मला मापाने देताय होय?"

"बाईंनी सांगितलंय."

"बाईंना म्हणावं, टाकी गळत नाही आता. गळली असती तर बरं झालं असतं."

चौथ्या दिवशी मी त्यांना सांगितलं. ताई घरी गेली होती. तीन बाटल्या कशा रांगेत गेल्या, बाईंनी दोनदा कसं विचारलं, मी वळून कसं बघितलं नाही. सगळं सांगितलं. भावोजी छताकडे बघत होते. सूज येऊन त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"एकदा मी कॉक बंद न करता पाइप कापला होता," ते म्हणाले. "भिंत भिजली. माणसाने भिंत परत रंगवून घेतली." माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुझ्या ताईला सांगितलंस?"

त्यांनी मला जन्मात कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"नाही."

"मी आहे तोवर सांग. मी गेल्यावर सांगितलंस तर ती ऐकणार नाही, आणि तुला आयुष्यभर ते घेऊन फिरावं लागेल. उठ, पाणी दे. हे माप बारांत धरू नकोस मात्र, याचे पैसे वेगळे."

त्याच संध्याकाळी वॉर्डाच्या जिन्यात मी ताईला सांगितलं. तिने मध्ये अडवलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"दोनदा विचारलं होतं तिने तुला?"

"हो."

"आणि मी म्हटलं होतं तुला आत जा." तिने हात पुढे केला. "ते माप मला दे. आजपासून पाणी मी देईन."

मी बाईंना विचारलं होतं, तीन बाटल्या आत गेल्या असत्या तर हे झालं नसतं का? त्या खरं बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "झालं नसतं असं मी सांगू शकत नाही. या ऑपरेशनात कधी कधी सगळं बरोबर करूनही मूत्रपिंडं बसतात. पण झालं असतंच, असंही सांगू शकत नाही." म्हणजे मला ते कधीच कळणार नव्हतं. आजही कळलेलं नाही.

नवव्या दिवशी भावोजींना धाप लागली. बोलताना वाक्य पुरं होईना. कोपरांपर्यंत हात सुजले होते. ताई माप भरून द्यायची, ते ओठांत धरायचे, लगेच गिळत नसत. दहाव्या दिवशी दुपारी ताईने बाईंना कॉटपासून बाजूला नेलं. मी जवळच होतो.

"बाई, सरळ सांगा. वाचतील?"

बाईंनी चष्मा काढला. "नाही."

"पाणी मापाने दिलं तर?"

"तरीही नाही. एखादा दिवस इकडे-तिकडे."

"मग मी त्यांना पाणी देते."

बाईंनी चष्मा परत घातला. कॉटला अडकवलेला, पाण्याची मापं मांडायचा कागद काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

ताईने माठातून तांब्या भरून आणला आणि पेला काठोकाठ ओतला. भावोजींनी दोन्ही हातांनी धरला, पण हात पुरेनात, म्हणून मी पाठीमागून त्यांना बसतं केलं. पहिला पेला ते एका दमात प्यायले. थोडं छातीवर सांडलं. ताईने ते पुसलं नाही.

"आणखी?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. दुसरा पेला हळूहळू प्यायले, मध्ये थांबून, श्वास घेऊन. तोंडात पाणी धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या, एखादा नळ बरोबर बसला की उडवायचे तशा. मग पाठीवर टेकले. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत.

भावोजी, माझ्या ताईचे यजमान, नळकाम करणारे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता वारले.